तिसरा पुकारा

आमच्या मंडळीत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. त्याचा द्राक्षरस मी करते. मार्केट यार्डातून काळ्या मनुका आणायच्या, भिजवायच्या, मंद आचेवर उकळायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. आई थकली तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. ब्रेडच्या कडा कापून चौकोनी तुकडेही मीच करते. आणि कितीतरी वर्षं असं चाललं होतं की माझ्या हातचं ते सगळी मंडळी खात-पीत होती, एक मी सोडून.

आमच्याकडे लोक उठून पुढे जात नाहीत. पंच तबक घेऊन बाकाबाकाशी येतात आणि तबक हातोहात सरकत जातं. त्याआधी पाळक बजावतात की ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी वैर असेल त्याने आधी समेट करावा, मगच भाकरीला हात लावावा. त्यामुळे न घेता तबक पुढे देणाऱ्याकडे सगळ्या माना वळतात. बहुतेक लोकांनी यातून सोयीची वाट काढली आहे. ते वैरही ठेवतात आणि भाकरीही खातात. मला ते जमलं नाही, कारण माझा या गोष्टींवर खरोखर विश्वास आहे.

आमच्या बाजूच्या बाकांवर तबक घेऊन जो पंच यायचा, त्याच्यासाठीच हे सारं होतं. तोंडावर मी त्याला काका म्हणायचे, अहोजाहो करायचे. इथे 'तो' म्हणते. हे माझं लिखाण आहे.

त्याने काय केलं ते सांगते. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार उपासनेत पुकारा होतो. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असल्यास आताच सांगावं, असं पाळक वाचतात. हरकत कोणीही घेत नाही. ते वाक्य म्हणण्यापुरतं असतं, आणि ते संपेपर्यंत बायका नवरीच्या साडीच्या रंगाबद्दल कुजबुजत असतात.

माझ्या धाकट्या बहिणीच्या तिसऱ्या पुकाऱ्याला तो उभा राहिला.

मुलगा खडकीचा, दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला. घर बौद्ध. माझ्या बहिणीची आणि त्याची ओळख टायपिंगच्या क्लासात झाली. तो आमच्या मंडळीत येऊ लागला, मागच्या बाकावर बसू लागला, आणि आदल्या महिन्यात त्याने बाप्तिस्मा घेतला होता. त्या रविवारी त्याची आई पण आली होती, पांढरं स्वच्छ लुगडं नेसून. पाळकांनी पुकारा वाचला आणि पंच उठला. कोटाचं बटण लावून म्हणाला, "माझी हरकत आहे. हा तरुण पाण्यात उतरला तो प्रभूसाठी की मुलीसाठी, याची मंडळीला खात्री नाही. निदान वर्षभर त्याला पारखावं."

पाळक म्हातारे होते, पंचाच्या पाठिंब्यावर त्यांचं सगळं चालायचं. ते म्हणाले, "विचार करू."

मुलाची आई उठली. तिने आवाज चढवला नाही. "माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली ती मान वर करून जगायला. पोराने स्वतःच्या मनाने तुमचा देव धरला, मी आडवी आले नाही. पण आता कोणाच्या उंबऱ्याशी उभं राहून आम्ही पुरेसे आहोत का, हे विचारायचं नाही. कोणालाच नाही." तिने मुलाचं मनगट धरलं आणि दोघं बाहेर पडली. मुलगा पुन्हा आला नाही. त्याला मी माफ केलं आहे. त्या हातातून मनगट सोडवून घेणं कोणालाही अवघड होतं.

पंचाची खरी मळमळ वेगळीच होती. त्या मुलाचे, पंचाचे आणि आमचे पणजोबा वेगवेगळ्या जिल्ह्यांतले असले तरी गावाच्या एकाच बाजूला राहणारे होते. कोणी येशूचा हात धरला, कोणी पुढे बुद्धाचा. पंच सरकारी कचेरीत मोठा साहेब झाला होता आणि त्याला ती बाजू विसरायची होती. तो मुलगा समोर बसला की ती आठवायची. हे मंडळीतल्या प्रत्येकाला कळलं आणि कोणी बोललं नाही. मीही तिथे बोलले नाही, पण मी मनाशी ठरवलं.

पुढच्या पहिल्या रविवारी तबक घेऊन तो आमच्या बाकाशी आला. मी तबक घेतलं, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि न घेता शेजारणीला दिलं. बायकांच्या माना वळल्या. त्याचे कान लाल झाले. घरी येताना मला इतकं बरं वाटलं की मी वाटेत फुलं घेतली.

आई म्हणाली, "सोड गं. न्याय करणं देवाचं काम आहे."

"माहीत आहे. मी त्याला फक्त आठवण करून देतेय."

बहीण वर्षभरात बंगळूरला गेली. टायपिंगवरून ती कॉम्प्युटरवर गेली होती आणि त्या वर्षांत कॉम्प्युटर येणाऱ्याला कोणीही गाव-जात-धर्म विचारत नव्हतं, असं तीच म्हणायची. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. नाक्यानाक्यावर पिवळे एसटीडी बूथ लागत होते, आमच्यातल्या निम्म्या जणींना आता आपलं काय होणार याची धास्ती होती, आणि मी रविवारी संध्याकाळी बहिणीला फोन लावायचे. "आज पण त्याच्या हातातलं तबक पुढे सरकवलं," मी सांगायचे. ती म्हणायची, "हं." मग मी त्याचं तोंड कसं झालं ते सांगायचे. तिने लग्न केलं नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं असं मी धरून चालले होते.

आमच्या घरात प्रभूच्या येण्याची वाट पाहणं ही सणावाराची गोष्ट नव्हती, रोजची होती. "तोवर प्रभू आला नाही तर नाताळात पडदे बदलू," असं आई सहज म्हणायची. वारज्याला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने ताबा कधी मिळेल ते सांगितलं, तर आई त्यालाही म्हणाली, "प्रभू आला नाही तर." तो बिचारा हो म्हणाला. मलाही प्रभूच्या येण्याची ओढ होती, पण माझं कारण आईहून वेगळं होतं. लोक म्हणत, त्या दिवशी अश्रू पुसले जातील, मेलेले उठतील, आपली माणसं भेटतील. मला एकच चेहरा पाहायचा होता. सिंहासनापुढे पंचाला उभं करून विचारतील, तू उठून उभा का राहिलास, आणि त्याच्याजवळ लावायला कोटाचं बटणही नसेल.

दोन हजार साल जवळ आलं तेव्हा मंडळीत मोठी घाई उडाली. कॉम्प्युटर बंद पडणार, दिवे जाणार, मग कर्णा वाजणार. पंचाने त्यावर खास प्रवचन दिलं आणि तयार राहा म्हणून सांगितलं. लोकांनी मेणबत्त्या आणि तांदूळ भरून ठेवले. माझी बहीण तेव्हा कंपनीत बसून त्याच तारखा दुरुस्त करत होती. जानेवारी उजाडला, दिवे होते, प्रभू आला नव्हता. मी फोनवर बहिणीला म्हटलं, "तुम्ही लोकांनी उगाच दुरुस्त केलंत." ती हसली. मी चेष्टा करत नव्हते.

मग पंचाच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा हिंजवडीत मोठ्या पगारावर, मुलगी त्याच्याच टीममधली, दुसऱ्या धर्माची. बाप्तिस्मा नाही, पुकारा नाही. लग्न रजिस्टर केलं आणि एका लॉनवर स्वागत समारंभ. सगळ्या मंडळीला आमंत्रण होतं, मलाही. मी चांगली इरकल नेसून गेले.

"काका, पुकारा कुठल्या मंडळीत केलात?"

"रजिस्टर झालं, बाई."

"बरं केलंत. तिथेही हरकतीसाठी महिनाभर नोटीस लावतात म्हणे. कोणी उभं राहिलं नाही वाटतं."

त्याच्या हातात पुष्पगुच्छ होता. तो त्याने या हातातून त्या हातात घेतला. "जेवून जा," म्हणाला. मी जेवले, आइस्क्रीम दोनदा घेतलं. मुलगी गोड होती, तिचा काही दोष नव्हता, तिला मी मनापासून आशीर्वाद दिला. त्या महिन्यातलं तबक पुढे देताना मी त्याच्याकडे बघून जरा हसलेसुद्धा.

आई गेली. मंडळीला नवे पाळक आले, तरुण, मला मावशी म्हणणारे. पंच त्या पदावरून निवृत्त झाला आणि आमच्यासारखाच बाकावर बसू लागला, पहिल्या रांगेत. एका पहिल्या रविवारी मी पाहिलं की तबक त्याच्यापाशी आलं आणि त्याने न घेता पुढे दिलं. पुढच्या महिन्यातही तसंच. मला वाटलं, पोट बरं नसेल. तेव्हा पाळक आमच्याकडे आले.

चहा घेतला, कप खाली ठेवला. "मावशी, ते म्हणतात, जिचं माझ्याविरुद्ध काही आहे ती घेत नाही, तोवर मीही घेणार नाही."

मला इतका संताप आला की मी उठून पंखा बंद केला. इतकी वर्षं ते हत्यार माझं होतं, आणि त्याने ते माझ्याच हातातून काढून घेतलं होतं. आता माना त्याच्याकडे वळत होत्या, आणि बायका म्हणत होत्या, किती नम्र.

"त्यांना अन्ननलिकेचा आजार निघालाय," पाळक म्हणाले. "गिळणं बंद होत चाललंय. आणखी थोडे दिवस भाकरीचा कण उतरेल, मग तोही नाही. तुम्ही एकदा येऊन भेटा. दोघं एकत्र घ्या."

दयामाया काही वाटली नाही. वाटलं ते असं, की अखेर किल्ली माझ्याकडे आली.

"माफी मागतील ते?"

"मागतील. आजच."

"घरात नाही. तो भर उपासनेत उभा राहिला होता. माफीपण तिथेच पाहिजे. तीन रविवार, लागोपाठ, पुकाऱ्यासारखी. आणि शेवटी ते वाक्यही वाचायचं, कोणाची हरकत असल्यास सांगावं."

"मावशी, पुकारा लग्नासाठी असतो."

"लग्न मोडायला चालतो, तर माफीला का चालू नये?"

"तीन रविवारांनंतर त्यांना गिळता येईल की नाही, सांगता येत नाही."

"मग देवाला सांगा, त्यांचा घसा सांभाळ म्हणून."

पाळक उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पंचाने हो म्हटलं होतं. वर म्हणाला होता, तिला सांगा, तीन का, सहा वाचा. मरायला टेकला तरी ऐट गेली नव्हती.

पहिल्या रविवारी पाळकांनी वाचलं: अमक्या बहिणीच्या लग्नाला मी घेतलेली हरकत अन्यायाची होती, मी तिच्या कुटुंबाची माफी मागतो. पंचाच्या सुनेने मान खाली घातली. मी ताठ बसले. इतकी वर्षं उपाशी राहून शिजवलेलं जेवण समोर आल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या रविवारी वाचलं तेव्हाही तितकंच गोड लागलं. तिसऱ्यासाठी मी बहिणीला बोलावून घेतलं. सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "येते."

ती माझ्या शेजारी बसली होती. केस आखूड, डोळ्यांवर चष्मा, साधा कुर्ता. पाळकांनी तिसऱ्यांदा वाचलं आणि शेवटी म्हणाले, "कोणाची हरकत असल्यास आताच सांगावं."

माझी बहीण उभी राहिली. "माझी हरकत आहे."



"यात माझ्या कुटुंबाची माफी मागितली आहे," ती म्हणाली. "लग्न कुटुंबाचं मोडलं नव्हतं. माझं मोडलं होतं. मला कोणी विचारलं नाही. तेव्हा नाही, आणि आताही नाही." 'आताही' म्हणताना ती माझ्याकडे पाहत होती. "मी त्यांना भेटून येते. पाळकसाहेब, तुम्ही भाकरी आणि रस घेऊन चला."

पंचाचं घर वारज्यालाच होतं, आमच्यापासून चार सोसायट्या पलीकडे, आणि मी तिथे कधी गेले नव्हते. तो उशांना टेकून बसला होता. कोट नव्हता, अंगावरची हाडं मोजता आली असती. बहीण पलंगाच्या कडेवर बसली.

"काका, ओळखलंत?"

त्याने मान हलवली. मग घशातून खरखर काढत म्हणाला, "चुकलो, पोरी."

"हो," ती म्हणाली. "चुकलात. माझं फार नुकसान झालं. ते आता भरून येणार नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते भरून आलं असंही मी म्हणणार नाही." तिने चष्मा काढून पुसला. "पण त्यासाठी मी भाकरी सोडली नव्हती. तिकडे चर्चमध्ये दर महिन्याला घेते. तुम्ही कशाला थांबलात? द्या त्यांना, पाळकसाहेब."

मी दारात उभी होते. मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. मला लुबाडल्यासारखं वाटलं. तिच्या नावाने मी इतकी वर्षं तबक पुढे सरकवत होते, आणि ती तिकडे दर महिन्याला निवांत खात होती.

पाळकांनी तुकड्याचा कण रसात भिजवून त्याच्या जिभेवर ठेवला. सगळे त्याच्या गळ्याकडे पाहत होते. गाठ वर गेली, थांबली, पुन्हा वर गेली. सुनेने त्याची पाठ धरली. अखेर उतरला. बहिणीने आपला तुकडा घेतला, सुनेने हात जोडले. मग पाळकांनी ताटली माझ्यापुढे धरली. मी मान हलवून नको म्हटलं. पंच माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं, नुसता थकवा होता. त्याचं झालं होतं.

घरी चालत येताना मी बहिणीला म्हटलं, "तू मला सांगायचं होतंस."

"तू विचारलं नाहीस, ताई. तू फोनवर नेहमी त्यांच्याबद्दलच बोलायचीस. माझ्याबद्दल कधी बोललीस?"

मी पुढे चालत राहिले. चांदणी चौकाकडे जाणाऱ्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या. घरी आल्यावर मी तिला जेवायला वाढलं आणि आम्ही दोघी हवापाण्याचं बोललो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पंच पुढच्या पहिल्या रविवारच्या आत वारला. मी मातीला गेले. आमच्यात माणसाला पूर्वेकडे पाय करून पुरतात, म्हणजे प्रभू आला की उठून थेट त्याच्या समोर पाहता यावं. त्याला तसंच ठेवलं. मूठभर माती टाकताना मला स्पष्ट दिसलं की हा माणूस आता सगळ्या बाजूंनी तयार आहे. माफी मागून झाली, भाकरी खाऊन झाली, तोंडही बरोबर दिशेला. कर्णा वाजला तर तो उठेल, हात झटकेल आणि आत जाऊन मेजाशी बसेल. आणि मी, जिने त्या मेजाचा रस आयुष्यभर गाळला, ती दाराबाहेर.

रविवार आला. आदल्या दिवशी मी मनुका उकळल्या, ब्रेड कापला. माझ्या बाकाशी एक नवा पंच तबक घेऊन आला, पंचाच्या मुलाच्या वयाचा. सवयीने माना वळल्या. मी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. पुढच्या बाकावरची एक म्हातारी डोळे पुसायला लागली. तिला वाटलं असावं की माझ्या मनातलं वैर गेलं.

संध्याकाळी बहिणीला फोन केला आणि सांगितलं की घेतली.

"का गं?"

"प्रभू येईल त्या दिवशी तो आत आणि मी बाहेर, हे मला चालणार नाही. मला त्याच्या समोरची जागा पाहिजे."

  मग मी तिला विचारलं, जे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "तू कशी आहेस?"

ती सांगायला लागली, आणि बराच वेळ सांगत होती.